एका शिवीची कुळकथा

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील वाटाघाटींच्या वेळी व्यवस्थापनाकडून आम्हांला एक इंग्रजी पत्र आले. मागण्या तीनच होत्या. त्यांतली एक पिण्याच्या पाण्याची. पत्रात मागण्यांविषयी चार ओळी होत्या, आणि आमच्या 'एन्थुझिअ‍ॅझम'विषयी मात्र अख्खा परिच्छेद. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. शब्दकोश उघडला, तर अर्थ निघाला 'उत्साह'. मग यात वाईट काय, असे साथी म्हणाले. पण पत्राचा सूर काही स्तुतीचा नव्हता. तेव्हापासून आम्ही या शब्दाच्या मागे लागलो.

शब्द मूळचा ग्रीक. 'एन' म्हणजे आत, 'थिऑस' म्हणजे देव. ज्याच्या आत देव शिरला तो 'एन्थिऑस'. आपल्याकडे अंगात येणे म्हणतात, तेच हे. प्लेटोने तर 'आयॉन' या संवादात कवींनाही याच पंगतीला बसवले आहे. मौज अशी की आपल्या 'आवेश' शब्दाची घडणही हीच. 'आ' आणि 'विश्', म्हणजे आत शिरणे. धातू निराळे, कल्पना एक.

इंग्लंडात सतराव्या शतकात या शब्दाची शिवी झाली. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला, आणि त्या धामधुमीत साधी कारागीर माणसे उठून धर्मोपदेश करू लागली. जॉर्ज फॉक्सने चांभाराकडे उमेदवारी केलेली. जॉन बनियन भांडी सांधणारा. ना पदवी, ना परवाना, आणि म्हणे देव आमच्याशी थेट बोलतो! अशांना 'एन्थुझिअ‍ॅस्ट' म्हणून हिणवीत. बनियनला १६६० साली पकडले. तो १२ वर्षे तुरुंगात होता.

१७०० साली जॉन लॉकने आपल्या ग्रंथात या विषयावर स्वतंत्र प्रकरण घातले. खात्री कितीही प्रखर असली तरी ती सत्याचा पुरावा नव्हे, असा त्याचा मुद्दा. तो आम्हांला नाकारवत नाही. एकदा आम्हीच शिल्लक न मोजता आवेशाच्या भरात संप पुकारला होता. अकराव्या दिवशी चुली थंडावल्या. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही या शब्दाचा पहिला अर्थ देवाने आपल्यालाच साक्षात्कार दिल्याचा पोकळ समज, असाच आहे.

पुढे ही शिवी जॉन वेस्लीच्या मेथॉडिस्ट पंथाला चिकटली. १७३९ पासून तो उघड्यावर प्रवचने करी. श्रोत्यांत ब्रिस्टॉलजवळच्या कोळसाखाणींतले मजूर असत. एका बिशपने तर या पंथाच्या 'एन्थुझिअ‍ॅझम'वर पुस्तकच लिहिले. वेस्लीनेही शब्दाची बाजू घेतली नाही. आपण तसले नव्हे, एवढेच तो सांगे. पण त्याच्या पंथात माणसे लहान गटांत जमत, आठवड्याला एक पेनी वर्गणी देत, आणि आपल्यातल्याच एकाला बोलायला उभे करीत. आम्हां युनियनवाल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. १८३३ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी संघ काढला. आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ७ वर आली होती आणि ६ करण्याची धमकी होती. बेकायदा शपथ घेतल्याबद्दल त्यांना ७ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडले. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट प्रवचनकार होता. लोकक्षोभानंतर १८३६ साली त्यांना माफी मिळाली.

हळूहळू शब्दातला देव गेला, उत्साह उरला. हे सारे वाचल्यावर आम्ही पत्राला उत्तर धाडले, आणि शब्द १७५५ च्या अर्थाने वापरला की आजच्या, एवढेच विचारले. त्याचे उत्तर आले नाही. पाण्याची टाकी मात्र पावसाळ्याआधी बसली.