खुनी ओळखीचे होते

घरात घुसून खून म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यापुढं एक ठरलेलं चित्र येतं. रात्र. एकटा बंगला. तोंडाला फडकं बांधलेला अनोळखी माणूस. आत कपाट, कपाटात दागिने. मग पोलिसांचं कुत्रं, बोटांचे ठसे, आणि पेपरात चार दिवस बातमी.

आपल्या वस्तीत जे शिरले ते असे शिरले नाहीत. तिथं कपाट नव्हतं. दागिने नव्हते. पुष्कळ घरांना धड दारही नव्हतं. आणि जे आले ते अनोळखी तर मुळीच नव्हते. सकाळी ज्यांच्या शेतात राबायचं, ज्यांच्या बांधावरून जायचं, ज्यांना वाकून रामराम घालायचा, तेच रात्री आले. हा फरक नीट ध्यानात घ्या दोस्तांनो. कारण पुढं कोर्टात जे जे झालं ते सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

सुरुवात कीळवेणमणीपासून करू. तामिळनाडूतला तेव्हाचा तंजावर जिल्हा. काळी जमीन, कालव्याचं पाणी, भाताचं कोठार. कोठार जमीनदारांचं, घाम आपल्या माणसांचा. मजुरांनी लाल झेंड्याखाली युनियन केली आणि मजुरीत अर्धं माप भात वाढवून मागितलं. अर्धं माप! जमीनदारांनीही आपला संघ काढला, त्याचा पुढारी गोपालकृष्ण नायडू. २५ डिसेंबर १९६८ ची रात्र. जग नाताळ करत होतं. जमीनदारांची टोळी वस्तीत घुसली. धडधाकट पुरुष वाट फुटेल तिकडं पळाले. बाया, म्हातारी आणि पोरं पळू शकली नाहीत, ती एका झोपडीत जाऊन दडली. झोपडीला आग लावली. ४४ माणसं आत जळून मेली.

मुख्यमंत्री होते अण्णादुराई. ब्राह्मणशाहीविरुद्ध लढून सत्तेवर आलेला पक्ष. म्हणजे वरचं सरकार बदललं म्हणून गावातला मालक बदलतोच असं नाही, हाही धडा तिथंच मिळाला.

खालच्या कोर्टानं जमीनदारांना दहा दहा वर्षांची शिक्षा दिली. १९७३ साली मद्रास हायकोर्टानं सगळ्यांना सोडून दिलं. कारण काय दिलं? हे आरोपी श्रीमंत मिराशदार. मुख्य आरोपीकडं तर मोटार आहे. अशी माणसं स्वतः चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील हे पटण्यासारखं नाही. असले धंदे ते नोकरांकडून करवून घेतील. म्हणजे बघा, गरिबावर संशय घ्यायला त्याची गरिबी पुरते आणि श्रीमंताची निर्दोषता सिद्ध करायला त्याची मोटार पुरते. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलंय? कुठंच नाही. ते डोक्यात असतं.

पुढं १९८० साली नायडूचा खून झाला. कोर्टानं नाकारलेला न्याय मग असा कोयत्यानं फिरतो. त्याचा आनंद मानायचं कारण नाही. पण तो फिरतो कशामुळं, ते समजून घेतलं पाहिजे.

आता बिहार. मध्य बिहारात सोन नदीच्या दोन्ही अंगाला सत्तर सालानंतर भूमिहीनांनी डोकं वर काढलं. मागण्या तीन. मजुरी पुरी द्या. गैरमजरूआ जमीन, म्हणजे सरकारी पडीक जमीन जी जमीनदारांनी दाबली होती, ती आम्हाला द्या. आणि आमच्या बायांच्या अंगाला हात लावू नका. या मागण्यांच्या विरोधात जातीजातीच्या खाजगी सेना उभ्या राहिल्या. त्यातली सगळ्यात क्रूर रणवीर सेना. भोजपूर जिल्ह्यातल्या बेलाऊर गावात १९९४ साली ती जन्मली. भूमिहार जमीनदारांची सेना, म्होरक्या ब्रह्मेश्वर सिंह, लोक त्याला मुखिया म्हणत.

११ जुलै १९९६. बथानी टोला, जिल्हा भोजपूर. भर दुपारी सेना टोल्यावर आली. २१ माणसं मारली. त्यात दलित होते, मुसलमान होते, आणि बहुतेक बाया नि लेकरं होती. कडेवरची पोरं सोडली नाहीत.

१ डिसेंबर १९९७. लक्ष्मणपूर बाथे, तेव्हाचा जहानाबाद जिल्हा, आता अरवल. रात्री सेना होडीतून सोन ओलांडून आली. घराघरात शिरून झोपलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. ५८ मुडदे. निम्म्याहून जास्त बाया आणि मुलं. ज्या नावाड्यांच्या होड्या वापरल्या त्यांच्यातल्याही काहींना मारून टाकलं, साक्ष उरू नये म्हणून. त्या वर्षी राष्ट्रपतीच्या खुर्चीवर के. आर. नारायणन बसले होते. आपल्यातलाच माणूस. त्यांनी या हत्याकांडाला राष्ट्राची लाज म्हटलं. लाज राष्ट्राला वाटली असेल. जहानाबादच्या जमीनदारांना वाटली नाही. कारण २५ जानेवारी १९९९ ला, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या रात्री, शंकरबिघा गावात पुन्हा वीसहून जास्त दलित मारले गेले. पंधरवडाभरानं नारायणपूर.

पुष्कळजण विचारतात, बायापोरांना का मारलं? त्यांनी काय केलं होतं? यात वेडेपणा शोधू नका. हिशेब शोधा. मजुरी मागणारा पुरुष हल्ल्याच्या वेळी पळतो, कारण आजवर पोलीस आणि गुंड त्यालाच धरायला आलेत. बाईमाणसाला कुणी काही करणार नाही या जुन्या भरवशावर तो पळतो. सेनेनं नेमका तोच भरवसा मोडला. आज जी बाई पोटात वाढवते तो उद्याचा नक्षलवादी, हा विचार सेनेच्या बाजूनं उघड बोलला गेला. म्हणजे फक्त संपकऱ्याला धडा शिकवायचा नव्हता. जातीची पुढची पिढीच छाटायची होती. घर म्हणजे जिथं पुढची पिढी वाढते. म्हणून हल्ला घरावर.

इतिहास लिहायचा तर सगळा लिहावा. घरातून ओढून मारलेले भूमिहारही आहेत. फेब्रुवारी १९९२ मध्ये गया जिल्ह्यातल्या बारा गावात माओवाद्यांनी तीसहून जास्त भूमिहार पुरुषांना कालव्याकाठी नेऊन गळे कापले. मार्च १९९९ मध्ये सेनारीत ३४. तेही खूनच. मेलेल्याची जात बघून आपण डोळे पुसू लागलो तर मनूत आणि आपल्यात फरक काय? पण कायद्याची चाल बघा. बाराचा खटला टाडाखाली चालला. सुप्रीम कोर्टानं २००२ साली चौघांची फाशी कायम केली. त्यात दलित होते. तीन न्यायाधीशांपैकी एकाचं मत वेगळं होतं तरी कायम केली. राष्ट्रपतींनी २०१७ साली ती जन्मठेपेवर आणली. सेनारीचे आरोपी मात्र हायकोर्टानं २०२१ साली सोडले.

आता बथानी आणि बाथे. बथानी टोल्याच्या खटल्यात आरा इथल्या कोर्टानं २०१० साली २३ जणांना दोषी धरलं, तिघांना फाशी. एप्रिल २०१२ मध्ये पाटणा हायकोर्टानं तेवीसच्या तेवीस सोडले. बाथेच्या खटल्यात २०१० सालीच १६ जणांना फाशी आणि १० जणांना जन्मठेप झाली. ९ ऑक्टोबर २०१३ ला हायकोर्टानं सव्वीसच्या सव्वीस सोडले. शंकरबिघाचे आरोपी तर २०१५ साली खालच्या कोर्टातच सुटले. बाथेनंतर सेनेचे राजकीय लागेबांधे शोधायला न्यायमूर्ती अमीर दास यांचा आयोग नेमला होता. अहवाल यायच्या आधीच २००६ साली सरकारनं तो गुंडाळला.

सोडलं का? साक्षीदारांवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. इथंच तो सुरुवातीचा फरक आडवा येतो. दडून वाचलेला माणूस सांगतो, मी अमक्याला बघितलं, तमक्याचा आवाज ओळखला. वकील विचारतो, अंधारात कसं ओळखलं? दडला होतास तर दिसलं कसं? आणि दिसत होतं तर त्यांनी तुला सोडलं कसं? म्हणजे मेला असतास तर खरा साक्षीदार झाला असतास. वाचलास म्हणून खोटा!

शहरातला बंगला आणि अनोळखी दरोडेखोर हे चित्र डोक्यात धरून वस्तीतली साक्ष तोलली तर असंच होणार. ज्याच्या दारात बाप राबला, आपण राबलो, त्याची चाल, त्याचा खोकला, त्याची शिवी पाठीमागूनसुद्धा ओळखू येते. गावगाड्यात मालकाला ओळखणं हा आपल्या जगण्याचाच भाग होता. ओळखलं नाही, वेळेवर बाजूला सरलो नाही, तर मार बसायचा. शतकानुशतकं आपल्याला ज्यांना ओळखायला लावलं, त्यांना त्या एका रात्री आपण ओळखलं नाही म्हणे!

महाराष्ट्रात आपण वेगळे आहोत असं कुणी म्हणू नये. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगाव वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं गेलं. आणि २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. भोतमांगे कुटुंब. थोडी जमीन, शिकणारी पोरं, मान वर करून वागणारी आई. शेतातून रस्ता काढण्यावरून जुना वाद. त्यात एका मारहाणीच्या प्रकरणात या घरातल्यांनी साक्ष दिली, आरोपी पकडले गेले. ते जामिनावर सुटले त्याच दिवशी जमावानं घर घेरलं. आई, मुलगी, दोन मुलगे, चौघांना मारलं. मुडदे कालव्यात फेकले. बाप भैयालाल दडून वाचले.

तिथंही प्रकरण दडपायचीच तयारी होती. नोव्हेंबरमध्ये नागपूरपासून पोरं रस्त्यावर उतरली, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठं तपास सीबीआयकडं गेला. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली आठजणांना दोषी धरलं, सहांना फाशी. २०१० साली नागपूर खंडपीठानं आठहीजणांची शिक्षा २५ वर्षांवर आणली. पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. का? तर खून जातीमुळं नाही, सुडानं झाला. सूड कसला? दलितानं सवर्णाविरुद्ध साक्ष दिली त्याचा. मग साक्ष द्यायची हिंमत केली म्हणून चौघांना मारणं हा जातीचा गुन्हा नाही तर काय बांधाचं भांडण? भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. दहा वर्षं ते कोर्टाची पायरी झिजवत होते.

आता आपण काय करायचं ते बोलू. नुसता संताप आला नि गेला, असं नको.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१५ साली दुरुस्त झाला, २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली. आधी सिद्ध करावं लागे की गुन्हा समोरचा दलित आहे या कारणावरूनच झाला. खैरलांजीत नेमकं तिथंच अडलं. आता गंभीर गुन्ह्यात समोरचा दलित आहे हे माहीत असून केला एवढं पुरतं. आणि कलम ८ मध्ये नवं पोटकलम आलं: आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट धरून चालेल, नव्हती हे त्यानं सिद्ध करावं. खुनी ओळखीचे असतात हे शेवटी कायद्याला मान्य करावं लागलं. ते आपोआप झालेलं नाही. खैरलांजीनंतर रस्त्यावर उतरलेल्या पोरांचा त्यात वाटा आहे.

कलम १५ए वाचा. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकून घेणं, हे सगळं हक्क म्हणून लिहिलंय. १९९५ चे नियम वाचा. नियम ७ : तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. नियम १२ : कलेक्टर आणि एसपीनं जागेवर यायचं. नियम ३ : अत्याचाराची शक्यता असलेली गावं आधीच हुडकायची आणि गरज पडली तर तिथल्या सवर्णांचे बंदुकीचे परवाने रद्द करायचे. हे कागद खिशात ठेवून फिरा.

आणि पहिल्या रात्रीचं काम पहिल्या रात्रीच करा. मोठमोठे खटले पुढं एका वाक्यावर फुटतात : पहिल्या फिर्यादीत हे नाव नव्हतं. म्हणून बातमी कळताच पुढाऱ्याची वाट बघू नका, पत्रक छापत बसू नका. वस्तीवर जा. ज्यांनी बघितलं त्यांच्याजवळ बसा. घाबरलेला माणूस पहिल्यांदा नावं गिळतो. त्याला दम द्या, घाई करू नका, पण फिर्याद त्याच्या शब्दांत उतरल्याशिवाय ठाणं सोडू नका. कोण कुठं दडला होता, तिथून किती अंतर, उजेड कशाचा होता, चूल पेटती होती का, चांदणं होतं का, आरोपीला तो किती वर्षं ओळखतो, कुणाच्या शेतात राबला, हे सगळं लिहून घेतलं जाईल असं बघा. पाटण्यात जे प्रश्न विचारले गेले तेच उद्या भंडाऱ्यात विचारले जातील. उत्तर पहिल्या रात्रीच कागदावर पाहिजे.

साक्षीदार पंधरा पंधरा वर्षं टिकवावा लागतो, हाही या इतिहासाचा धडा. बाथेच्या निकालाला १६ वर्षं लागली. तेवढा काळ त्या साक्षीदाराला त्याच गावात, त्याच मालकांच्या नजरेखाली जगायचं असतं. मोर्चा एक दिवसाचा असतो. त्याच्या पोराची फी, त्याची मजुरी, त्याच्या तारखेला सोबत कोण, हे वर्षानुवर्षांचं काम आहे. ते मोर्चाइतकंच चळवळीचं काम आहे.

शेवटी मूळ प्रश्न जागेचा. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९४२ साली नागपूरच्या परिषदेनं अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांचा ठराव केला. १९४७ साली राज्य आणि अल्पसंख्याक या निवेदनात बाबासाहेबांनी ती मागणी पुन्हा मांडली. लोकांना ती अतिरेकी वाटली. कीळवेणमणी, बाथे, खैरलांजी यांची यादी समोर ठेवून ती परत वाचा. पोट ज्याच्या हातात, वाट ज्याच्या शेतातून, पाणी ज्याच्या विहिरीचं, त्याच्या गावात आपल्या घराला दार असून नसल्यासारखं. दार तेव्हाच पक्कं होतं जेव्हा पायाखालची जमीन आपली असते आणि दाराबाहेर आपली संघटना उभी असते. दोन्हींसाठी भांडायचं. आणि भांडता भांडता नावं लिहीत जायचं. मेलेल्यांची, वाचलेल्यांची, आणि ज्यांना आपण ओळखलं त्यांची.