वडीच्या पोटात

भारतात साबण कधी आला, या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे : १८८८ साली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. आतल्या वड्यांवर ‘मेड इन इंग्लंड बाय लीव्हर ब्रदर्स’ असे ठसठशीत उमटवलेले होते. व्यापारी इतिहासात हीच तारीख आरंभ म्हणून सांगितली जाते आणि बाजारपेठेपुरती ती खरीही आहे. पण तुकोबांचा एक अभंग या तारखेच्या आड येतो. पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करणार, असे तुकोबा त्यात विचारतात आणि तोच न्याय अशुद्ध चित्ताला केलेल्या उपदेशाला लावतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देहूच्या परिसरात, समोर बसलेल्या श्रोत्यांना जी वस्तू ठाऊकच नाही तिचा दृष्टान्त कोणी देत नाही. त्याही आधी उत्तरेत कबीराने निंदकाला जवळ ठेवायला सांगितले ते याच हिशेबाने, की तो साबण-पाण्यावाचून स्वभाव धुऊन देतो. म्हणजे लीव्हरच्या पेट्यांच्या कितीतरी आधी साबण आपल्या बोलण्यात होता, उपमेत होता. तुकोबांचा सवाल रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाला फेस येत नाही, नुसता पांढरट साका तयार होतो. विहिरीच्या जड पाण्यावर धुणे धुतलेल्या कुणाही बाईला हे पुस्तकाविना माहीत असते.

मग साबण माहीत असूनही घरोघर का नव्हता? कारण त्याची जागा रिकामी नव्हती. आपण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायापर्यंत मागे गेलो, तर तिथे वस्त्रांच्या शुद्धीची चक्क यादी आढळते. रेशमी आणि लोकरी वस्त्रे खाऱ्या मातीने धुवावीत, बकऱ्याच्या लोकरीची कांबळी रिठ्याने, तलम पट्टवस्त्रे बेलफळाने आणि जवसाच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने. ज्या कापडाला जे मानवेल ते द्यावे, ही समज यामागे आहे. भारी रेशमी साडी आजही रिठ्याच्या पाण्यात काढणारी घरे आहेत, ती नकळत याच वाटेवर असतात. अंगाची व्यवस्था वेगळी होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची दिनचर्या दिली आहे. रोज स्नान, एक दिवसाआड अंगमर्दन आणि दर तिसऱ्या दिवशी ‘फेनक’, म्हणजे फेस देणारे काहीतरी. ते नेमके कशाचे असे, यावर टीकाकारांनी तर्क केले आहेत. रिठा-शिकेकाईच्या जातीचे असावे, हा त्यांतला पटण्याजोगा. सह्याद्रीच्या रानात ही दोन्ही फळे मुबलक. दोन्हींमध्ये सॅपोनिन नावाचे द्रव्य असते आणि पाण्यात कुस्करले की ते आपसूक फेसाळते. चूल, कढई, खार, कशाचीच गरज नाही. डाळीचे पीठ, हळद, उटणे, पायाला वज्री, डोक्याला शिकेकाई, भांड्यांना राख आणि परटाच्या भट्टीत सज्जीखार, असा हा पुरा संसार होता. त्यात साबणाची उणीव कुणाला भासली नसावी.

साबणाचे खरे घर कुठले हे पाहायला आपल्याला पश्चिमेकडे जावे लागते. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर तेल आणि क्षार एकत्र केल्याच्या नोंदी सापडतात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की गॉल लोक चरबी आणि राख यांपासून एक पदार्थ करतात, तो केस तांबूस करायला वापरतात आणि जर्मनांमध्ये त्याचा सोस बायकांपेक्षा पुरुषांनाच जास्त. अंग धुण्यासाठी रोमन माणूस तेल लावून धातूच्या वाकड्या पट्टीने मळ निपटून काढी. त्याची रीत आपल्या अभ्यंगाला जवळची. तेल आणि खार शिजवून घट्ट, सुवासिक, हातात धरता येईल अशी वडी पाडायची कला पुढे सीरियात अलेप्पोला आणि पॅलेस्टाइनमध्ये नाब्लुसला बहरली. अलेप्पोच्या साबणात जैतुनाचे तेल आणि लॉरेलच्या फळांचे तेल असे. तिथून ही कला भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनला आणि फ्रान्समधल्या मार्सेला पोहोचली. १६८८ साली चौदाव्या लुईच्या राजवटीने मार्सेच्या साबणवाल्यांसाठी फर्मान काढले : साबणात जैतुनाच्या तेलाखेरीज दुसरा स्निग्ध पदार्थ नको आणि उन्हाळ्याचे तीन महिने भट्ट्या बंद. वडीच्या पोटात काय आहे, याची चौकशी सरकारने करावी, हा प्रकार तेव्हापासूनचा.

थंड उत्तरेत मात्र जैतून पिकत नव्हते, तिथे चरबीच वितळवावी लागे. शिवाय इंग्लंडात १७१२ पासून साबणावर कर होता. करचुकवेगिरी होऊ नये म्हणून साबणाच्या कढयांना रात्री अबकारी अधिकारी कुलपे घालत. हे चित्र दोघांनी पालटले आणि दोघेही फ्रेंच. निकोला लब्लाँने मिठापासून सोडा काढण्याची रीत शोधली, १७९१ साली तिचे पेटंट मिळवले, क्रांतीच्या धामधुमीत कारखाना गमावला आणि १८०६ साली आत्महत्या केली. मिशेल शेव्रलचे नशीब अगदी उलट. तेला-चरबीचे रेणू क्षाराशी भेटतात तेव्हा मेदाम्ले सुटी होऊन क्षाराशी जोडली जातात, तोच साबण, आणि बाजूला ग्लिसरीन उरते, हे त्याने उलगडले. १८२३ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्यानंतर तो आणखी सहासष्ट वर्षे जगला. १८८९ साली गेला तेव्हा त्याचे वय १०२ होते. पिढ्यान्‌पिढ्या अंदाजाने ढवळलेली कढई आता हिशेबाने ढवळता येऊ लागली. १८५३ साली इंग्लंडचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन याने साबणावरचा कर उठवला आणि चैनीची वस्तू गिरणी कामगाराच्या घरात शिरली.

इथून साबणाच्या इतिहासात रसायनशास्त्रज्ञ मागे पडतात आणि जाहिरातवाले पुढे येतात. अँड्र्यू पेअर्सने लंडनमध्ये १८०७ साली पारदर्शक साबण काढला होता. पण त्याला घराघरात नेले ते थॉमस बॅरटने. साबणाचे बुडबुडे न्याहाळणाऱ्या लहान मुलाचे जॉन मिलेचे १८८६ मधले चित्र बॅरटने हक्कांसह विकत घेतले, त्यात साबणाची वडी रंगवून घेतली आणि जाहिरात म्हणून छापले. चित्रकलेचा बाजार मांडला म्हणून टीका झाली, साबण मात्र खपला. विल्यम लीव्हरची युक्ती आणखी साधी होती. तोवर किराणा दुकानदार लांबलचक साबण कापून वजनावर विके. लीव्हरने १८८४ साली ‘सनलाइट’ हे नाव नोंदवले आणि बेताच्या आकाराची, कागदात गुंडाळलेली, नाव असलेली वडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली. आता दुकानदारावर नव्हे, नावावर विश्वास ठेवायचा होता. या जाहिरातींची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १८९९ साली अमेरिकी मासिकात छापलेल्या पेअर्सच्या एका जाहिरातीत आरमाराचा अधिकारी हात धुतो आहे आणि ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ हलके करण्याची पहिली पायरी म्हणजे स्वच्छता शिकवणे, असा मजकूर आहे. रोज सकाळी नदीवर बुडी मारणाऱ्या मुलखांना आंघोळ शिकवायला निघालेला हा आव आज वाचताना हसू येते आणि रागही.

आपल्या मुलखात १८८८ नंतर सनलाइटच्या मागोमाग लाइफबॉय आला, पेअर्स आला. शहरी, शिकलेल्या घरांत त्यांचा शिरकाव झाला. सोवळ्याओवळ्याच्या घरांत प्रश्न उभा राहिला तो वासाचा नव्हता, चरबीचा होता. कुठल्या जनावराची चरबी अंगाला लावायची? १९०५ च्या स्वदेशी चळवळीने या शंकेला राजकीय धार दिली. पहिल्या महायुद्धाने म्हैसूरच्या चंदनाची निर्यात अडली, तेव्हा कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात तिथे चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला आणि त्यातून म्हैसूर सँडल साबण जन्माला आला. मुंबईत मात्र हे काम एका कुलूपवाल्याने केले. अर्देशिर गोदरेज वकिली सोडून लालबागेत १८९७ पासून कुलपे करत होते. त्यांनी १९१८ साली धुण्याचा साबण काढला आणि त्याला नाव दिले ‘चावी’. त्यात चरबी अजिबात नव्हती, केवळ वनस्पतिजन्य तेल. हा जगातला पहिला तेलाचा साबण, असे कौतुकाने लिहिले जाते. अलेप्पो आणि मार्सेचे कारागीर ते ऐकून चकित झाले असते. अर्देशिर यांचे श्रेय वेगळेच आहे. आपल्या गिऱ्हाइकाची अडचण त्यांनी नेमकी ओळखली आणि चरबी नसणे हीच जाहिरात केली. पुढे अंगाचा साबण आला तो आधी ‘नंबर २’ या नावाने. दोन नंबर एवढा चांगला, तर एक नंबर कसा असेल असे लोकांना वाटावे, हा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. १९२२ साली ‘नंबर १’ बाजारात आला. रवींद्रनाथांची छबी या साबणाच्या जाहिरातीत झळकली. याहून सरस परदेशी साबण माहीत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. टिळक स्वराज्य फंडाला अर्देशिर यांनी तीन लाख रुपये दिले. साबणाची वडी आता देशभक्तीच्या हिशेबात मांडली जात होती.

लीव्हरवाल्यांनी उत्तर दिले ते कारखान्याने. १९३४ साली मुंबईत शिवडीला त्यांचा साबण तयार होऊ लागला. विलायती नावाची वडी शिवडीचा मजूर पाडू लागला. चेहरा मात्र अजून विलायतीच होता. त्यांच्याच लक्स साबणाच्या जाहिरातीत हॉलिवूडच्या नट्या असत. १९४१ साली त्या जागी लीला चिटणीस आल्या. ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. धारवाडचा जन्म, पदवीपर्यंतचे शिक्षण, ‘नाट्यमन्वंतर’च्या रंगभूमीवरचा अनुभव आणि नुकताच बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’मध्ये अशोककुमारबरोबर मिळालेला लौकिक. सिनेमात जाणे हेच जेव्हा घरंदाज बाईला न शोभणारे मानले जाई, तेव्हा शिकलेली मराठी नायिका साबणाची शिफारस करते, म्हणजे सिनेमा आणि साबण एकमेकांना प्रतिष्ठा देतात. पुढे मधुबाला, नर्गिस, हेमामालिनी, माधुरी दीक्षित अशी ती रांग लांबत गेली आणि २००५ साली गुलाबपाकळ्यांच्या टबात चक्क शाहरुख खान बसला.

स्वातंत्र्यानंतरच्या मराठी मध्यमवर्गीय घरात साबणाचे दोन भाग पडले होते : अंगाचा आणि कपड्यांचा. कपड्यांचा बहुधा टाटांचा ५०१. त्याची लांब कांडी तारेने किंवा दोऱ्याने कापून तुकडे करायचे आणि कडक व्हायला फळीवर मांडून ठेवायचे. ओला साबण लवकर झिजतो, हे घरातल्या थोरांचे पक्के मत. अंगाचा साबण झिजून पापुद्र्याएवढा उरला की तो नव्या वडीच्या पाठीला ओल्या हाताने दाबून चिकटवायचा. दोन रंगांची ती वडी कितीतरी घरांच्या मोरीत दिसे. हमाम, १९५२ चा सिंथॉल, लाइफबॉयची लाल वीट, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि निष्ठेप्रमाणे. १९७५ साली लिरिल आला आणि त्याने आंघोळीची कल्पनाच मोरीतून उचलून कोडाईकनालच्या धबधब्याखाली नेली. अलेक पदमसी यांच्या लिंटासने केलेल्या त्या जाहिरातीतली कॅरेन ल्युनेल घराघरात पोहोचली आणि तो धबधबाही लिरिलच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्या चाळीला धबधबा दाखवणे ही धिटाईच म्हणायची.

कपड्यांच्या बाजूला मात्र साबणाची सद्दीच संपत आली होती. १९५९ मध्ये सर्फ आले, ते साबण नव्हतेच. डिटर्जंट हे वेगळे रसायन; जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. तुकोबांच्या सवालाला तीन शतकांनी प्रयोगशाळेतून मिळालेले हे उत्तर. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरच्या घरी पिवळी पूड मिसळून ती दारोदार विकायला सुरुवात केली. नावाजलेल्या पुडीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या किमतीत निरमा मिळू लागली, तेव्हा धुण्याच्या दगडावरची वडी हळूहळू हटली.

अंगाचा साबण टिकला. ज्यांना त्याने बाजूला सारले त्यांना तो एकेक करून पोटात घेत गेला, हे त्यामागचे कारण मला महत्त्वाचे वाटते. शिकेकाईचा साबण निघाला, कडुनिंबाचा, हळदीचा, चंदनाचा निघाला. सर्वांत पक्के उदाहरण मोती साबणाचे. टाटा ऑइल मिल्सचा हा गोल, जाडजूड, हातात न मावणारा साबण महाराष्ट्रात नरकचतुर्दशीच्या पहाटेशी असा जोडला गेला की वर्षभर कुणी त्याच्याकडे फारसे बघत नाही आणि दिवाळीच्या आठवड्यात दुकानांत त्याचे डोंगर रचले जातात. तेल, उटणे, मग मोती. परंपरेत साबणाला जागा नव्हती, त्याने शेवटचा क्रमांक पटकावला. १९९३ साली टाटा ऑइल मिल्स हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन झाली आणि मराठी दिवाळीचा हा मानकरी मूळच्या लीव्हरच्या घरात गेला. मोतीच्या जाहिरातीत पहाटे सोसायटीत दारोदार जाऊन लोकांना उठवणारे विद्याधर करमरकर यांचे ‘अलार्म काका’ आले ते त्यानंतर.

चरबीची शंका मात्र अधूनमधून डोके वर काढत राहिली. १९८३ साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले, चरबीच्या आयातीवर बंदी आली आणि साबणाच्या कढयांमध्येही वनस्पती तेलांचा वाटा वाढला. आज वेष्टन उलटून पाहिले तर बारीक अक्षरांत ‘टीएफएम’ नावाचा आकडा असतो. वडीत मेदद्रव्य किती, हे तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी; त्याहून उतरलेल्या कित्येक वड्या ‘बाथिंग बार’ या नावाखाली विकल्या जातात. लुईच्या फर्मानाचाच हा वंशज. ते मेदद्रव्य आता बहुतांशी पामतेलाचे असते आणि पामतेल येते इंडोनेशिया-मलेशियातून. ‘चावी’च्या काळी वनस्पती तेल म्हणजे स्वदेशी, असे समीकरण होते. आता क्वालालंपूरच्या बाजारात पामतेल कडाडले की आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वडीची किंमत तीच राहते आणि वेष्टनावरचे ग्रॅम कमी होतात.