खेळ पूर्वीसारखा राहिला नाही

‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य मराठीत पहिल्यांदा कोण बोललं, याचा शोध एखाद्या इतिहास संशोधकाने जरूर घ्यावा. माझी खात्री आहे की, मराठी भाषा ज्या दिवशी जन्माला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कोणीतरी पारावर बसून ‘कालची मराठी काही वेगळीच होती!’ असा सुस्कारा सोडला असणार. मी स्वतः इतिहासाचा माणूस नव्हे. मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो. पण काउंटरच्या अलीकडे बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की, या विषयात मला मानद डॉक्टरेट द्यायला आमच्या विष्णुपुरीच्या विद्यापीठाने फार आढेवेढे घेऊ नयेत. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही स्टेट बँकेत विलीन झाली. तरी माझ्या ओळखीचे दोन गृहस्थ अजून ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ असं सांगून घरून निघतात आणि बरोबर पोचतातही.

बाहेरगावच्या लोकांना विष्णुपुरी ठाऊक असते ती गोदावरीवरच्या धरणामुळे. पण धरणात पाणी अडावं तसे इथे विद्यार्थी अडलेले आहेत. विद्यापीठ इथे, १९८१ साली निघालेलं श्री गुरू गोविंद सिंहजी अभियांत्रिकी कॉलेज इथे, आणि सरकारी मेडिकल कॉलेजही इथेच. माझा भाचा इथे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडे राहतो. म्हणजे त्याचं शरीर आमच्याकडे राहतं. रात्री नऊनंतर त्याचा आत्मा कानाला यंत्र लावून कुठल्याशा राज्यात जातो. तिथे तो चिलखत घालतो, लाकडं तोडतो, मासे धरतो आणि राक्षस मारतो. घरात पिण्याचं पाणी भरायला सांगितलं की मात्र त्याची कंबर धरते.

एका रात्री त्याच्या खोलीतून आवाज आला, ‘काय करायलेत हे लोक? सगळा खेळ नासवून टाकला! आम्ही महिनामहिना घासून जे मिळवलं, ते कालच्या पोरांना दोन दिवसांत द्यायलेत!’

क्षणभर मला वाटलं, आमच्या युनियनची सभा भाच्याच्या खोलीत भरली आहे. बढतीच्या नव्या धोरणावरचं भाषण शब्दाला शब्द हेच होतं. मी दार उघडून विचारलं, ‘कोणी नासवला रे?’

‘कंपनीनं, मामा. दर आठवड्याला काहीतरी बदलायलेत.’

‘मग सोडून दे की खेळणं.’

रस्त्यात खड्डे आहेत म्हणून वारी चुकवा, असं वारकऱ्याला सांगितल्यावर तो जसा बघेल तसा तो माझ्याकडे बघत राहिला. ‘सोडू कसा? दहा वर्षं झाली खेळायलोय!’

एकवीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून ‘आमच्या वेळी’ ऐकण्याचा योग आयुष्यात फार वेळा येत नाही. मी खुर्ची ओढून बसलो. आमच्या हिची समजूत अशी की, ऑनलाइन खेळ म्हणजे रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तेव्हा पेपरातली ती बातमी तिने कापून फ्रिजवर लावली होती. भाच्याने तिची समजूत घातली, ‘मामी, हा रमी नाही. हा सोंग घ्यायचा खेळ आहे.’ मला ते लगेच पटलं. आपल्याकडे बहुरूपी दारात येतो, पोलिसाचं सोंग घेतो आणि पाच-दहा रुपये घेऊन जातो. इथे सोंगही आपणच घ्यायचं आणि पैसेही आपणच द्यायचे, एवढाच काय तो फरक. शिवाय जगभरचे हजारो बहुरूपी एकाच वेळी एकाच गावात, आणि आपण झोपलो तरी ते गाव जागंच.

या खेळाचं नाव रूनस्केप. अँड्र्यू गॉवर नावाच्या तरुणाने भावांना हाताशी धरून तो तयार केला आणि जानेवारी २००१ मध्ये सुरू केला. पुढे जॅगेक्स ही केंब्रिजची कंपनी तो चालवू लागली. खेळातली सोन्याची नाणी लोक खऱ्या पैशांनी विकत घेऊ लागले, तेही चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर, आणि मग बँका कंपनीकडून ते पैसे परत मागू लागल्या. इथे मी खुर्ची आणखी पुढे ओढली. इतका वेळ चाललेल्या राक्षसांच्या कथेत अखेर बँक आली होती! कंपनीने २००७ च्या डिसेंबरात आणि त्या सुमारास खेळाडूंमधली मोकळी देवाणघेवाण आणि रानातल्या आपसांतल्या लढाया दोन्ही बंद केल्या. ढेकणासंगे हिरा भंगला. लोकांनी खेळाच्या आतच जमून निदर्शनं केली. चिलखतं घालून मोर्चा काढणारे हे इतिहासातले बहुधा शेवटचे शूर वीर असावेत.

फेब्रुवारी २०११ मध्ये लोकांचं मत घेऊन त्या गोष्टी परत आल्या. जरा कुठे घडी बसतेय तोवर नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने लढाईची पद्धतच बदलली. तलवार चालवायला आता बटणांची रांग. पुष्कळ लोक निघून गेले. तेव्हा कंपनीच्या कपाटात ऑगस्ट २००७ ची एक बॅकअप सापडली. ‘बॅकअप घेत जा, बॅकअप घेत जा’ असं आम्हाला वरून सारखं बजावत असतात. त्याचं एवढं काव्यमय फळ मी प्रथमच ऐकत होतो. ‘जुना खेळ परत सुरू करू का?’ असा कौल कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये मागितला. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला जुना खेळ ‘ओल्ड स्कूल’ या नावाने पुन्हा सुरू झाला. पुढे तर असा रिवाजच पडला की, खेळात काही नवं घालायचं तर आधी खेळाडूंना विचारायचं. शंभरातल्या पंचाहत्तरांनी हो म्हटलं तरच ते येणार. २०२२ साली ही अट सत्तरांवर आणली.

‘तिथंच घोळ झाला ना, मामा!’ भाचा कळवळून म्हणाला. ‘पूर्वीचे पंचाहत्तर ते पंचाहत्तर!’

मी मनातल्या मनात हिशेब केला. २००७ साली हा मुलगा तीन वर्षांचा होता. ज्या सुवर्णकाळासाठी तो हळहळत होता, त्या काळात तो आमच्या ओसरीवर रांगत नसला तरी नीट चालतही नव्हता. पण मी काही बोललो नाही. पेशवाई तरी आपल्यापैकी कोणी पाहिली आहे?

असाच दुसरा एक खेळ, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २००४ सालचा. ‘जुना खेळ परत द्या,’ असं २०१३ मध्ये एकाने भर सभेत मागितलं, तेव्हा व्यासपीठावरच्या अधिकाऱ्याने सांगितलं की, तुम्हाला तो हवा आहे असं नुसतं वाटतं, खरं तर तो नको आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाईक सोडून सगळ्यांना कळतं, हा सिद्धान्त फक्त आपल्याच कार्यालयांत चालतो असं मी समजत होतो. तो सातासमुद्रापलीकडेही गेलेला दिसतो. काही हौशी मंडळींनी जुना खेळ आपल्या पदरमोडीने चालवला. एप्रिल २०१६ मध्ये कायद्याची नोटीस आल्यावर तो बंद झाला. मग दोन लाखांवर सह्यांचा अर्ज गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने तोच जुना खेळ स्वतःच उघडला, मासिक वर्गणीसह.

हे पुराण चाललेलं असताना आमचे शेजारी, एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, चहाला आलेले होते. सर तरुणपणी कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांनी कप खाली ठेवला. ‘पोरगं खरं बोलायलंय. आमच्या खेळाचं हेच झालं.’

आणि मग दुसरं पुराण सुरू झालं. आपला हुतूतू, दक्षिणेतला चेडुगुडू आणि बंगालचा हाडुडू ही एकाच खेळाची भावंडं. प्रत्येक गावाचा नियम वेगळा. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवली ती नियमांना शिस्त लावून. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण आणलं. त्यासाठी जन्मभर झिजलेल्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

‘आणि पूर्वी प्रकार तीन होते,’ सर म्हणाले. ‘संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपण समोरचा गडी मारला की आपला मेलेला गडी जिवंत होतो. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे.’

भाच्याने कानावरचं यंत्र काढलं. गेल्या दोन वर्षांत प्रथमच. ‘सर, हे तिन्ही आमच्यात आहेत! मेल्यावर परत जिवंत होतो आम्ही, ती संजीवनी. आणि एकाच जिवाचा कडक खेळ असतो, ती तुमची गामिनी!’

दोन पिढ्यांमध्ये एवढा सलोखा मी लग्नाच्या बैठकीतही पाहिलेला नाही. आजची कबड्डी ही संजीवनीच्या वळणावरची. गामिनीवाल्यांनी तेव्हा ‘मेलेला माणूस उठतो, हा काय खेळ झाला?’ असं नक्की म्हटलं असणार. इंग्लंडात १८६४ साली खांद्यावरून हात फिरवून चेंडू टाकायला परवानगी मिळाली, तेव्हाही क्रिकेट बुडाल्याचं सांगणारे आजोबा निघाले असतीलच.

सरांचं क्रिकेट बुडालं ते २६ जुलै २०१४ ला. त्या दिवशी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला करा नाहीतर मरा. ‘आम्ही दमावर खेळलो, हे घड्याळावर खेळतात. तोंडानं कबड्डी-कबड्डी म्हणतात की वांगी म्हणतात, त्या गाण्याच्या गोंगाटात कोणाला ऐकू येतं?’ असं सर म्हणतात. म्हणतात, आणि एकही सामना चुकवत नाहीत. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटण जिंकली तेव्हा ‘हा खेळच नव्हे’ असं ओरडत त्यांनी आमच्या सोफ्यावर उडी मारली. मी एकदा ‘चॅनेल बदलू का?’ असं विचारलं, तर रिमोट काढून घेतला.

नवा नियम की जुना हा वाद काय थराला जातो, ते ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिसलं. पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण, २८-२८, अगदी थोडा वेळ शिल्लक. पवन सेहरावत कोणालाही न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे गडी. मग कोणता नियम लावायचा? जुना लावला तर भारताला गुण, नवा लावला तर इराणला. खेळाडू मैदानावर बसून राहिले, सामना जवळजवळ तासभर अडला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. ‘बघा, जुन्या नियमानं तारलं!’ सर अजून सांगतात.

एवढं हसून झाल्यावर सर जे बोलले, त्यावर आम्ही कोणी हसलो नाही. ‘गाण्याचं जाऊ द्या हो. मॅटचं काय? माझी पोरं काळ्या मातीत अनवाणी खेळली. निवड चाचणी मॅटवर, बूट घालून. आमचा वाघासारखा गडी तिथं पहिल्याच चढाईत घसरला. पोरगं कमी पडलं नाही, गावात मॅट नव्हती. नियम बदलताना त्याला कुणी विचारलं?’

बँकेत मला एक गोष्ट कळली आहे. काउंटरवर येऊन भांडणारा खातेदार उद्या पुन्हा येतो. तो तक्रारवहीत दोन पानं लिहितो, पेन परत करतो आणि जाताना मुदतठेवीचं नूतनीकरण करून जातो. खातं बंद करणारा माणूस एक शब्द बोलत नाही. स्लिप भरतो, पैसे मोजतो, वर ‘थँक यू’ म्हणतो. ज्या खेळावर कोणी कुरकुर करत नाही तो खेळ सुधारलेला नसतो, संपलेला असतो.

मात्र भाच्याची कुरकुर आणि सरांची कुरकुर यांत एक फरक आहे. भाच्याच्या खेळाची बॅकअप कपाटात होती आणि त्याचं मत मोजणारं कोणीतरी होतं. सरांच्या खेळाची बॅकअप सरांच्या गुडघ्यांत आहे. ज्या मैदानावर ती भरली गेली तिथे आता कॉम्प्लेक्स उभं आहे. अशा म्हाताऱ्यांची बडबड हीच त्या खेळाची शिल्लक राहिलेली प्रत. ती कोणी उतरवून घेतली नाही, तर गामिनी म्हणजे काय हे सांगायलाही पुढे कोणी उरणार नाही.

भाचा सध्या ती उतरवून घेतोय. सरांचे नियम लॅपटॉपवर टिपतो आणि दर नियमाला दोघांचं भांडण होतं. गेल्या रविवारी त्यांनी आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या रेषा आखून लहान मुलांना गामिनी खेळायला लावलं. आठेक वर्षांचा एक गडी पहिल्याच मिनिटाला बाद झाला. आता सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं, हे कळल्यावर त्याने कमरेवर हात ठेवून सरांना सुनावलं, ‘असलं काय बे हे? पूर्वीचाच खेळ चांगला होता!’

पूर्वीचा म्हणजे शनिवारचा.