सही कुणाची, हात कुणाचा?

नवं घर बांधायचं म्हटलं की माणूस आधी नगरपालिकेत जातो. नकाशा मंजूर झाला, बांधकामाचा परवाना हातात पडला की त्याला वाटतं, सुटलो! पण भिंतीच्या आतून जी वायर जाते, तिच्या कामाचा परवाना नगरपालिका देत नाही. तो राज्य सरकार देतं, आणि तोही घराला नव्हे, माणसाला. वायर ओढणाऱ्या माणसाला. मला हा फरक माझ्या चाचांमुळं कळला.

या परवान्याची गोष्ट जुनी आहे. १९१० साली इंग्रज सरकारनं भारतीय विद्युत कायदा केला. विजेच्या कामावर नजर ठेवायला निरीक्षक नेमण्याची तरतूद त्यात होती. विजेनं अपघात झाला तर त्याची खबर देणंही त्यानं बंधनकारक केलं. पण हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. सातारा १८४८ मध्येच खालसा झालेला, त्यामुळं तिथं तो लागू. सांगली, मिरज, औंध ही मात्र संस्थानं. तिथला कारभार दरबाराचा. कृष्णेचं पाणी दोन्हीकडं एकच, कायदा मात्र वेगळा!

१९४८ साली संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं. १९६२ पासून कोयनेची वीज सुरू झाली. धरण सातारा जिल्ह्यात, वीजघर घाटाखाली पोफळीला. हळूहळू गावोगाव खांब उभे राहिले, आणि घराघरांत वायरिंग करणाऱ्या हातांची गरज पडली.

त्या हातांसाठी नियम तयार होता. भारतीय विद्युत नियम, १९५६. त्यातला ४५ वा नियम सांगतो, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर विजेचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हावं. त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी. आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडंही परवाना असावा. म्हणजे तारतंत्री परवाना, ज्याला आपण वायरमनचं लायसन म्हणतो. काम झालं की ठेकेदार तपासणीचा टेस्ट रिपोर्ट सही करून देणार, तो अर्जाला जोडायचा, मग मीटर.

आता चाचांकडं येतो. चाचा सातवी पास. सांगलीत एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकले. लाकडी पट्टीवरची बॅटन वायरिंग ते अशी करत, की ओळंबा लावून बघावं. पण परवाना नव्हता. काम चाचा करायचे आणि टेस्ट रिपोर्टवर सही एका ठेकेदाराची असायची. तो सहीचे पैसे घ्यायचा, घर बघायलाही यायचा नाही. अशी चाल तेव्हा होती, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

१९८८ चा पावसाळा. नदीकाठच्या एका घरात धुण्याच्या दगडाजवळच्या ओल्या भिंतीत करंट उतरला आणि त्या घरातला कॉलेजला जाणारा मुलगा गेला. वायरिंग चाचांचं होतं. अर्थिंगसाठी खड्डा घ्या, त्यात पट्टी पुरून कोळसा-मीठ भरू, असं त्यांनी मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाले, दिवाळीनंतर बघू. चाचांनी तरीही काम पुरं करून दिलं. कागदावर मात्र अर्थिंग होतं, खाली सहीसुद्धा होती.

चौकशीत चाचांचं नाव कुठंच आलं नाही. कागदावर ते नव्हतेच. दुसरा एखादा सुटलो म्हणाला असता. चाचा त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, "बेटा, सही त्याची, हात माझा. मग गुन्हा कुणाचा?"

मी तेव्हा बी.ए. करत होतो, कविता लिहीत होतो. मला उत्तर देता आलं नाही. पण ते इंग्रजी नियमांचं पुस्तक मी मिळवलं आणि रोज रात्री त्यांना मराठीत सांगू लागलो. चाळिशी ओलांडलेला माणूस पाटीवर आकृत्या काढत बसायचा. मेगर नावाच्या यंत्रानं पाचशे व्होल्टचा दाब एक मिनिट दिला, तर वायर आणि जमीन यांच्यातला विरोध निदान एक मेगाओहम भरला पाहिजे, हे त्यांनी आयतीसारखं पाठ केलं. तारतंत्रीची परीक्षा त्यांनी दुसऱ्या खेपेला पास केली. परवाना आला तो दिवस आमच्या घरात ईदसारखा होता. त्यानंतर अर्थिंगशिवायचं काम त्यांनी घेतलं नाही. गिऱ्हाइकं तुटली, तरी नाही.

पुढं कायदे बदलले. १९१० च्या जागी २००३ चा विद्युत कायदा आला. १९५६ च्या नियमांच्या जागी २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, ते २०२३ मध्ये पुन्हा नव्यानं निघाले. २००५ साली विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या. पण परवानाधारक माणूस आणि जोडणीआधी तपासणी, हा गाभा तोच राहिला. उंच इमारतींना तर वीज सुरू होण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर सांगलीकर चिखल उपसत होते आणि प्रत्येकाला घाई होती दिवा लावायची. सत्तरीतले चाचा मेगर पिशवीत घालून गल्लीतून फिरत होते. "मेन चालू करू नका. बोर्ड वाळू द्या, आधी मला बघू द्या." लोक वैतागायचे. ते उंबऱ्यावर बसून राहायचे. पैसे घेतले नाहीत.

त्या गल्लीच्या टोकाला ते १९८८ चं घर आजही आहे. तिथं ते सगळ्यांत आधी गेले होते.

आपल्या घरी वायरमन येईल, तेव्हा त्याचा परवाना बघायला मागा. त्यात त्याचा अपमान नाही. आणि टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्यानं आपलं घर पाहिलंय का, एवढं जरूर विचारा.

(संपादित नभोवाणी भाषण)