पोर्टलंडची गुलाब सोसायटी

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, विलामेट नदीकाठी वसलेल्या पोर्टलंडचा हिवाळा सौम्य आणि ओला, तर उन्हाळा बहुतांशी कोरडा असतो. त्यामुळे गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला ऐन बहरात फारसा वाव मिळत नाही. या अनुकूल हवेत वाढलेली फुले एकमेकांना दाखवण्यासाठी वृत्तपत्र प्रकाशक हेन्री पिटॉक यांच्या पत्नी जॉर्जियाना यांनी १८८८ च्या सुमारास आपल्या बागेत तंबू उभारून प्रदर्शन भरवले आणि त्यातूनच पोर्टलंड गुलाब सोसायटी आकाराला आली.

सुखवस्तू कुटुंबांच्या या छंदमंडळाचे खरे मोठेपण गुलाब कुंपणाबाहेर नेण्यात आहे. लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या शताब्दीनिमित्त १९०५ साली शहरात भव्य प्रदर्शन भरणार होते. तत्पूर्वी फ्रेडरिक होल्मन आणि इतर गुलाबप्रेमींनी ‘मादाम कॅरोलिन टेस्टू’ हा वाण रस्त्यांच्या कडेने लावण्याचा आग्रह धरला. फ्रान्सच्या पेर्ने-ड्युशे यांनी १८९० मध्ये प्रसृत केलेला हा गुलाबी वाण ‘हायब्रिड टी’ वर्गातला, म्हणजे चिनी वंशाच्या, पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या नाजूक टी गुलाबाच्या युरोपातील काटक गुलाबांशी झालेल्या संकरातून आलेला होता. दुर्मीळ वाणांचा हव्यास सोडून कोणालाही सहज जगवता येईल असे एकच झाड निवडले गेले, हा निर्णय अत्यंत शहाणपणाचा म्हटला पाहिजे, कारण त्यामुळेच सुमारे २०० मैल रस्ते गुलाबांनी भरू शकले. १९०७ पासून गुलाब महोत्सवही सुरू झाला.

पुढे पहिल्या महायुद्धात युरोपातील रोपवाटिका आणि त्यांतील संकरित वाण नष्ट होतील, या काळजीने ‘ओरेगन जर्नल’च्या रविवार आवृत्तीचे संपादक जेसी करी यांनी १९१५ साली चाचणी उद्यानाची कल्पना मांडली. चाचणी उद्यान म्हणजे नवे वाण बाजारात येण्यापूर्वी त्यांची वाढ, बहर आणि रोगप्रतिकार पारखण्याची जागा. नगरपालिकेने १९१७ मध्ये मान्यता दिली, इंग्लंडमधून रोपे येऊ लागली आणि १९२४ साली वॉशिंग्टन पार्कमधील हे उद्यान लोकार्पित झाले. करी १९२७ मध्ये निधन होईपर्यंत त्याची देखभाल पाहत होते.

सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन जूनमध्ये भरते, तर छाटणीची प्रात्यक्षिके हिवाळ्याच्या अखेरीस होतात. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात होणारे हे काम तेथे कडाक्याची थंडी ओसरल्यावरच करावे लागते, कारण छाटणीनंतर फुटणारा कोवळा धुमारा हिमात टिकत नाही.