केडगाव, पहाटे साडेतीन

तारीख २९ जून १९०५. केडगावच्या मुक्ती सदनात, मुलींच्या झोपायच्या लांबलचक खोलीत तुम्ही भिंतीला पाठ टेकून उभे आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही. जमिनीवर ओळीनं अंथरुणं पसरलेली आहेत. अचानक एक मुलगी धडपडत उठते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पळते आणि पाण्याची बादली घेऊन येते. शेजारी झोपलेली मोठी मुलगी पेटली आहे, आगीनं वेढली आहे, असं तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे. ती बादली उचलते, आता ओतणार, तेवढ्यात थबकते. जळालेलं काहीच नाही. ती मोठी मुलगी धडधाकट आहे.

मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. ती आग कसली होती, यावर मला वाद घालायचा नाही. मला ती बादली महत्त्वाची वाटते. झोपेतून उठून जिवाच्या आकांतानं पाणी आणणारी मुलगी कुणाला दाखवण्यासाठी पळत नव्हती.

तासाभरात आवारातल्या बहुतेक तरुण मुली तिथं जमतात. ती मोठी मुलगी मध्ये बसली आहे, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगते आहे, पश्चात्ताप करा म्हणून विनवते आहे. भोवती रडण्याचा कल्लोळ. जरा पुढे सरका आणि एकेकीचं बोलणं ऐका. कुणी कोठीतून मूठभर धान्य चोरलं होतं. कुणी खोटं बोलून दुसरीला बोलणी खायला लावली होती. कुणाच्या मनात महिनोन्‌महिने एका मैत्रिणीबद्दल द्वेष साठलेला. हुंदक्यांच्या मानानं पापं लहान वाटतात ना? थांबा. या मुली कोण आहेत, ते आधी आठवा.

यांतल्या कित्येक बालविधवा. कित्येक १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून हे सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी हाताला धरून आणलेल्या. नवरा गेला त्या दिवसापासून यांना ऐकवलं गेलं की तू पांढऱ्या पायाची, तूच त्याला खाल्लंस, मागल्या जन्मीचं पाप भोगते आहेस. १८८७ साली आपल्या इंग्रजी पुस्तकात रमाबाईंनी नेमकं हेच मांडलं होतं: वैधव्य ही पूर्वजन्मीच्या अपराधाची शिक्षा मानली जाते. जे केल्याचं आठवतच नाही, त्याचा पश्चात्ताप कसा करायचा? त्याची माफी कुणाकडे मागायची? ते ओझं नुसतं वाहायचं.

आज पहाटे इथं घडतंय ते म्हणूनच मला इतकं मोठं वाटतं. मूठभर धान्यासाठी रडणाऱ्या या पोरीला पहिल्यांदाच स्वतःचं पाप सापडलं आहे. ते तिनं केलेलं आहे, तिला ठाऊक आहे, तिला ते तोंडानं सांगता येतं. आणि जे सांगता येतं, त्याची क्षमाही मिळू शकते. नवऱ्याच्या मरणाचा दोष या कबुलीत कुठंच नाही. तो तिचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी, ३० जूनच्या संध्याकाळी, तुम्ही उपासनेला बसा. रमाबाई नेहमीच्या शांत स्वरात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत आहेत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करायला निघालेल्या लोकांची गोष्ट याच अध्यायाच्या सुरुवातीला येते. बाईंचं सगळं आयुष्यच या गोष्टीच्या आसपास फिरलेलं. इंग्लंडात असताना फुलहॅमला ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेलं ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांचं घर त्यांनी पाहिलं, आणि या बायकांवर कुणी इतकी माया का करतं, हा प्रश्न त्यांना पडला. १८८३ मध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा झाला. तरीही पुढची आठ वर्षं धर्म हाती लागला होता, ख्रिस्त नाही, असं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे. तो त्यांना १८९१ मध्ये भेटला. फुलहॅमच्या घरातल्यासारख्याच स्त्रियांसाठी मुक्तीत त्यांनी कृपा सदन उघडलं, तेही लक्षात घ्या.

बोलता बोलता बाईंना थांबावं लागतं. सगळ्या मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या आहेत, कुणी गुडघ्यांवर, कुणी उभ्यानं, कुणी दोन्ही हात पसरून. बाईंना कमी ऐकू येतं. पण हा आवाज त्यांच्यापर्यंतही पोचला आहे. अशा आत्मिक जागरणाचीच मागणी तर त्या जानेवारीपासून देवाकडे करत होत्या. तेव्हा रोज प्रार्थनेला या म्हटल्यावर सत्तर जणी पुढे आल्या होत्या. आता त्या साडेपाचशे झाल्या आहेत, दिवसातून दोनदा जमतात.

पुढचे दिवस वर्ग बंद. काम करताना मुली मध्येच गुडघे टेकतात. बाहेरून टीकाही येते: हा कसला गोंगाट, ही कसली भक्ती? बाई मुलींना गप्प करत नाहीत. हिंदी माणसाच्या स्वभावाला जुळेल असंच हे जागरण येऊ द्यावं, देवानंच त्यांना घडवलं आहे, अशी त्यांची बाजू आहे. परक्या शिस्तीचा साचा या रडण्यावर बसवायला त्यांनी नकार दिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो.

एक-दोन दिवसांत मुली पुन्हा उपासनेला येतात. रडं ओसरलं आहे. आम्हाला क्षमा मिळाली, त्या सांगतात. पण एवढ्यावर त्यांचं समाधान नाही. त्यांना आता अग्नीचा बाप्तिस्मा हवा आहे, कामासाठी बळ हवं आहे. पुढे त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघतात. त्यांच्याबरोबर चाला. त्या गावांतही विधवा पोरी आहेत, आणि त्यांच्याशी बोलायला आता कालपर्यंत तेच ओझं वाहणाऱ्या मुली येत आहेत.