आधी फावडे, मग आशा

मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झाले. ना दंगल, ना मोर्चा. कारण होते ऊन. पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला होता. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे द्या, दुपारी शिकवण्या भरवू नका, असे आदेश जिल्हा प्रशासनाला काढावे लागले. औद्योगिक काळापूर्वीच्या जागतिक सरासरीहून दीड अंशापेक्षा जास्त तापलेले हेच पहिले वर्ष, असे जागतिक हवामान संघटनेने नंतर जाहीर केले. पॅरिस करारातली मर्यादा दीर्घकाळच्या सरासरीची आहे, त्यामुळे एका वर्षाने ती मोडली असे होत नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या कापूस उत्पादकाला हा फरक सांगून दिलासा मिळत नाही. मृग कोरडा जातो, मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो आणि पेरलेले सगळे वाहून जाते. अशा वेळी गावोगाव ऐकू येणारे वाक्य एकच : आपण करून काय होते? या प्रश्नाखाली एक समजूत दडलेली आहे. आधी आशा वाटली पाहिजे, मग माणूस हात हलवतो, अशी ती समजूत. पूर्णेच्या खोऱ्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास नेमका उलटा क्रम दाखवतो. इथे जेव्हा जेव्हा आशा निर्माण झाली, तेव्हा ती कामाच्या मागून आली. आणि ते काम चार जणांना दिसेल, चार जणांना त्यात शिरता येईल, असे होते.

हा मुलूख आशेला पोषक कधीच नव्हता. दर्यापूर चंद्रभागेच्या काठी वसले आहे. ही पंढरपूरची चंद्रभागा नव्हे. मेळघाटाच्या डोंगरातून उतरून पूर्णेला मिळणारी ही वऱ्हाडातली नदी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला जो सपाट पट्टा आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. वर काळी कसदार जमीन, खाली खारे पाणी. विहीर खणली तर पाणी लागते, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि भांड्यात ठेवून वाळले की पांढरा थर उरतो. हेच पाणी पिकाला दिले तर काळी माती चिकट, दगडासारखी घट्ट होते आणि पुढचा पाऊस आत मुरू देत नाही. म्हणजे महाराष्ट्रात इतरत्र दुष्काळावरचा पहिला उपाय, विहीर किंवा बोअर, तोच इथे बंद. सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस जसा येईल तसा घ्यायचा, कापूस, तूर, मूग काढायचे, आणि ओल टिकली तर रब्बीत हरभरा पेरायचा. हवामानावर इतके उघडेवाघडे अवलंबून असलेले शेतकरी राज्यात थोडेच असतील. म्हणूनच आज जगाला जो प्रश्न नवा वाटतो, तो इथे जुना आहे.

त्या प्रश्नाचे सर्वांत भीषण रूप १८९९-१९०० साली दिसले. १८९६-९७चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि लगेच पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरली. दहा वर्षांत वाढायची ती लोकसंख्या घटली. लक्ष्मण सत्य या इतिहासकाराने १९९७ सालच्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या इंग्रजी ग्रंथात या मरणाचा हिशोब फक्त पावसाच्या खात्यावर टाकलेला नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आले, १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, आणि ज्वारीची वावरे कापसाखाली गेली. गुरचरण आणि जंगल सरकारजमा झाले. सारा रोखीत भरायचा म्हणून सावकार घरात शिरला. मग पाऊस चुकला तेव्हा घरात पेव नव्हते आणि बाजारातले धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता. सरकारने मदत म्हणून खडी फोडण्याची कामे काढली. या इतिहासातून आजच्यासाठी एक गोष्ट ठळकपणे निघते. आभाळाचे संकट आणि माणसाने केलेली रचना एकत्र आली की आपत्ती घडते. आभाळ आपल्या हातात नसले तरी रचना बदलता येते, आणि कृतीला जागा मिळते ती तिथेच.

त्या दुष्काळात मूर्तिजापूरजवळच्या दापुरी गावी डेबूजी नावाचा तेवीस वर्षांचा परीट तरुण मामाच्या शेतात राबत होता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्या वेळच्या दर्यापूर तालुक्यातल्या शेंडगावी त्याचा जन्म झाला. बाप दारूपायी गेला, आणि पुढे मामाची शेती सावकाराच्या कचाट्यात सापडली. म्हणजे वऱ्हाडच्या दुरवस्थेची सगळी कारणे त्याने एका घरात पाहिली. त्याची पहिली बंडखोरी घरगुती होती. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि बकरे करायला त्याने नकार दिला आणि गोडाचे जेवण घातले. रिवाज मोडला म्हणून भाऊबंद रागावले, पण त्याच पंगतीत एक गोष्ट सिद्ध झाली : कर्ज न काढताही बारसे होते. १९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर; लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. पण त्याच्या सार्वजनिक कामाचा पाया पूर्णेकाठच्या ऋणमोचन इथे घातला गेला. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते आणि लोक नदीत स्नान करतात. काळ्या मातीची दरड, तिच्यावर हजारो ओल्या पायांनी केलेला चिखल. म्हातारी माणसे, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया घसरून पडत. चरित्रकार सांगतात की हा माणूस फावडे घेऊन दरडीला पायऱ्या पाडी, चिखलावर कोरडी माती पसरी आणि पडणाऱ्यांना हात देई. संध्याकाळपर्यंत पायऱ्या मोडत, सकाळी तो पुन्हा पाडी. १९०८च्या सुमारास तिथे पक्का घाट उभा राहिला.

या घटनेतला क्रम नीट पाहिला पाहिजे. पक्का घाट हवा, त्यासाठी वर्गणी काढू, समिती नेमू, आणि सगळे जुळून आले तर काम सुरू करू, असे तिथे झाले नाही. आधी मातीच्या पायऱ्या झाल्या. त्या टिकणाऱ्या नव्हत्या, हे त्यालाही ठाऊक होते. पण त्या एका दिवसात होत होत्या, त्यांचा उपयोग त्याच दिवशी दिसत होता आणि बघणाऱ्याला दुसरे फावडे उचलून शेजारी उभे राहता येत होते. लोकांचा विश्वास बसला तो हे पाहून. पुढे आयुष्यभर त्याने हाच क्रम पाळला. गावात शिरले की आधी खराटा. गटारे, उकिरडे, देवळासमोरची घाण दिवसभर साफ करायची, आणि कीर्तन रात्री. उपदेश ऐकणाऱ्यांनी दिवसा काम पाहिलेले असे, बहुतेकांनी केलेलेही असे. आजचे हवामानविषयक प्रबोधन बरेचदा याच्या उलट चालते. आधी आकडे, भीती, भाषण, आणि कृती ‘जागृती झाल्यावर’ कधीतरी. ऐकणाऱ्याच्या हाताला तोवर काही लागत नाही, म्हणून भीती मुरते आणि तिची उदासीनता होते. लोकांना कळत नाही म्हणून ते हलत नाहीत, हे निदान मला अपुरे वाटते. पाऊस बदलला हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञाआधी कळले होते. त्याला हवे आहे ते असे काम, की जे एका हंगामात पुरे होईल आणि ज्याचे फळ धुऱ्यावर उभे राहून बघता येईल.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो : गाडगेबाबा एकच झाला. अलौकिक माणसाच्या गोष्टीतून सामान्यांनी काय घ्यावे? आक्षेप वजनदार आहे, कारण संतचरित्र सांगून लोकांना अपराधी वाटायला लावणे सोपे आणि निरुपयोगी. पण गाडगेबाबांच्या कामाचा मोठा भाग त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर टिकलेला नाही, ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि कामे कारभाऱ्यांच्या हाती गेली. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले, तरी त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही उतरतात. नाव मागे ठेवून भागत नाही, हेही तितकेच खरे. २०००-०१ साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. स्पर्धेपायी गावे झळकली, पण बक्षिसासाठी केलेले काम बक्षिसानंतर सैल पडू शकते. टिकाव धरला तो जिथे देखभालीची व्यवस्था लागली तिथे. प्रेरणा पेटवायला माणूस पुरतो. ती वर्षानुवर्षे चालवायला वहीखाते, पाळी आणि कारभारी लागतात. हे काम संताचे नाही, गावातल्या साध्या माणसाला ते येते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवेत कर्बवायू सोडला तो जगातल्या श्रीमंत देशांनी आणि आपल्याकडच्या शहरी सुखवस्तू वर्गाने. बैलबंडीवर निम्मे आयुष्य काढलेल्या वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा त्यातला वाटा नगण्य. मग श्रमदान, त्याग आणि आशेचे धडे त्यालाच का? नुसते श्रमदान मागितले तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण गाडगेबाबांनी फक्त गरिबाचा घाम मागितला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथल्या धर्मशाळांना पैसा धनिकांकडून आला. ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा द्यायचा, ज्याच्याकडे हात त्याने हात, आणि उपयोग मात्र ज्याला आसरा नाही त्याचा. पुढे महाराष्ट्राने हेच तत्त्व कायद्यात आणले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूर इथे प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळात त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारातून कापलेला पैसा खेड्यात बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव खणणाऱ्याला मजुरी म्हणून मिळू लागला. १८९९ सालची खडी ही सरकारची मेहेरबानी होती, १९७७ नंतरचे काम हा हक्क झाला. हवामानाच्या लढ्यात आशा टिकायची असेल तर ओझे वाटण्याचा हा हिशोब आधी मांडावा लागेल. अन्याय झाकून दिलेली प्रेरणा फार दिवस चालत नाही.

तिसरा आक्षेप आकाराचा : एका गावाच्या शेततळ्याने पृथ्वीचे तापमान किती उतरणार? थेट उत्तर, जवळजवळ शून्य. ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. पण शेततळे खणतात ते पृथ्वी थंड करायला नाही, दोन पावसांमधला खंड ओलांडायला; आणि त्या मापाने ते खारपाणपट्ट्यात चांगले उतरते. राज्यात काही ठिकाणी शेततळी म्हणजे बोअरचे पाणी उपसून साठवायचे प्लास्टिकचे हौद झाले आणि भूजल आणखी खाली गेले, ही टीका योग्य आहे. इथे ती पळवाटच नाही. खालचे पाणी खारे, म्हणून तळे पावसानेच भरावे लागते. चिकण काळी माती पाणी लवकर झिरपू देत नाही, त्यामुळे अस्तराविनाही ते बराच काळ टिकते. त्यावर तुषार संचाने हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी दिले की पीक हाती लागते. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णा खोऱ्यातली सुमारे ९३२ खारपाण गावे निवडली ती हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीच. जमिनीच्या शापातूनच इथे शिस्त आली आहे, आणि उद्या ज्या भागांत गोडे भूजल संपेल त्यांना ही शिस्त शिकावी लागणार आहे.

आणि लहान काम लहानच राहते हेही इतिहासाला मान्य नाही. विसापूरचा प्रयोग एका गावचा होता. बारा वर्षांनी तो राज्याचा कायदा झाला आणि चाळीस वर्षांनी, २००५ साली, देशाचा. मागणी करणारे संघटित नसले की काय होते, याचा उलट बाजूचा दाखलाही दर्यापूरकरांच्या डोळ्यांसमोर आहे. मूर्तिजापूरहून दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला एकेकाळी जाणारी छोटी रेल्वे, जिला लोक शकुंतला म्हणतात, ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खासगी विलायती कंपनीने आणली, कारण कापसाला मँचेस्टरमध्ये मागणी होती. त्याच दर्यापूरला शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने मिळायला मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली. कापसाची बाजू मांडणारे संघटित होते, तहानेची बाजू मांडणारे नव्हते. कोळशाची वीज कमी करा, उष्णतेच्या दिवसांत मजुरांना भरपाई द्या, पिकविमा पावसाच्या नव्या चालीप्रमाणे ठरवा, या मागण्या एकट्यादुकट्या चिंताग्रस्त माणसाच्या तोंडून सरकारपर्यंत पोचत नाहीत. ज्या गावाने एकत्र येऊन तळे खणले आहे, त्याचा हिशोब ठेवला आहे आणि पाण्यावरचे भांडण स्वतः मिटवले आहे, ते गाव मंत्रालयाशी भांडायलाही तयार झालेले असते. स्थानिक कामाची खरी किंमत मला इथे दिसते. त्यातून पाण्याबरोबर मागणी करणारे लोक तयार होतात.

म्हणून ‘आशा आहे का?’ हा प्रश्न ग्रामसभेत पहिला ठेवू नये. पहिला प्रश्न असा असावा : येत्या मृगाआधी पुरे होईल असे कोणते काम आहे, त्यात हात कोणाचे, पैसा कोणाचा, आणि पाच वर्षांनी गाळ कोण काढणार? या चार रकान्यांत नावे भरता आली तर उत्साह आणण्यासाठी वेगळे भाषण लागत नाही. भरता आली नाहीत तर कितीही मोठे भाषण पुरत नाही. पृथ्वी दीड अंशावर थांबेल की नाही, हे दर्यापुरात ठरणार नाही. पण वाढलेल्या प्रत्येक अंशाचा मार कोणाच्या अंगावर किती बसेल, हे बऱ्याच अंशी इथल्या रचनेवर ठरते. १८९९ साली ती रचना दुसऱ्यांनी केली होती आणि वऱ्हाडने तिची किंमत माणसांनी मोजली. या खेपेला ती करण्याचे कायदे, निधी आणि अनुभव हाताशी आहेत. इतकी सामग्री जवळ असताना निराश राहायला, निदान वऱ्हाडात तरी, इतिहासाचा आधार सापडत नाही.